तुमच्या नावानं सोडलेला सांड

तुमच्या नावानं सांड सोडायचं ठरलं, तेव्हा मला आधी हसू आलं.

दहावं करून माणसं नदीवरून परत आली होती. बायका आतल्या खोलीत, पुरुष ओट्यावर. तुमचे दादा भिंतीकडे तोंड करून बोलले. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही ही तुमच्या घरची रीत, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याशी जे काही बोलायचं ते भिंतीशी नाहीतर जाऊबाईंशी बोललेलं आहे. "सांगा तिले, गोऱ्हा पाह्यला म्हणा. अंगानं चांगला हाये. लेकरू तं नाही त्याच्या मागं, निदान सांड सोडू त्याच्या नावानं." मी पदर तोंडाशी धरला. जाऊबाईंना वाटलं मला हुंदका आला, त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. हुंदका आला तो नंतर. आधी हसूच होतं, कारण मला तुमचा चेहरा दिसला. चष्मा कपाळावर सरकवलेला आणि ओठ असे मुडपलेले, की आता हा माणूस कोणाला तरी शिकवल्याशिवाय राहत नाही.

तुम्ही जनावरांचे डॉक्टर. नोकरीभर एकाच गोष्टीशी भांडलात, गावात मोकळ्या सोडलेल्या वळूशी. कोणी गेलं, त्यातून मागे मूलबाळ नसलं, की त्याच्या नावानं एक तरणा गोऱ्हा देवाला सोडायचा. मग तो गावभर फिरणार, कोणाच्याही शेतात तोंड घालणार, त्याला कोणी काठी मारणार नाही, आणि गावच्या गाईंना त्याच्यापासून जी वासरं होतील त्यांचं पुण्य गेलेल्याला लागणार. ज्या माणसानं हे थांबवायला जन्म घालवला, त्याच्याच नावानं आता सांड निघणार होता. मी म्हटलं, बघा डॉक्टर, गावानं तुम्हाला मेल्यावर गाठलं.

मारुतीच्या पारावरची ती बैठक तुम्हाला आठवत असेल. तेव्हा गावात महादेवाच्या नावाचा पांढरा सांड होता, थोराड, आणि स्वभावानं इतका गरीब की बायका पाण्याला जाताना त्याला हातानं बाजूला सारायच्या. त्या वर्षी गाई भरल्या पोटी गाभ टाकत होत्या. दूधवाल्या युसूफभाईंच्या कोठ्यात तर एकीमागून एक. तुम्ही उभे राहून सांगत होता, "हा सांड आपल्याच लेकीवर जाते, मंग तिच्या लेकीवर. वासरं दरसाल खुजी होऊन राह्यली. एकीले रोग असला तं हा दुसरीच्या दारी नेऊन देते." अमडापूरच्या बाजाराहून आलेली माणसं पिशव्या मांडीवर धरून ऐकत होती. दादा उठले आणि नीलगाईंचं उदाहरण देत म्हणाले, "जंगलातल्या रोह्याले कोणता डाक्टर येते भरवाले? तिथं काऊन नाही बिघडत?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि मग म्हणालात, "दादा, जंगलात रोह्याचा तरणा नर कळपात राहू शकत नाही. त्याले हाकलतात. तो कोसाकोसावर जाते, दुसरीकडं आपली जागा करते. आपला सांड जाते का कुठं? त्याले दारोदार भाकर भेटते. हा सुटा नाही. हा भाकरीनं बांधलेला हाये." मला ते बोलणं तेव्हाच फार आवडलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर तुम्ही ते महिनाभर प्रत्येक ओट्यावर म्हटलं असतं, म्हणून मी गप्प राहिले.

तुम्हाला गावच्या गाईंपेक्षा जंगलातल्या रोह्यांचं वेड जास्त होतं, हे सरकारला कधी कळलं नाही. खामगावला जायचं म्हणजे बोथ्याच्या जंगलातूनच जायचं, वेळ लागला तरी. मी लुगड्याच्या घड्या सांभाळत मागे बसलेली, डब्यात कोणाच्या तरी बारशाचा आहेर, आणि तुम्ही मोटारसायकल बंद करून उभे. समोर एकटाच एक काळपट निळा नर, मान उंच, कान आपल्याकडे. "पाह्य मंदे, हा हाकलल्यातला दिसते. याचं अजून कुठं जमलं नाही." मी म्हणायची, बारसं आटपेल. तुम्ही म्हणायचे, बारसं दरवर्षी होते. तो नर रस्ता ओलांडून जाईपर्यंत आपण थांबायचो, आणि बारशाला पोचायचो तेव्हा पाळणा म्हणून झालेला असायचा. त्या पाळण्यांना उशिरा पोचवून तुम्ही मला किती गोष्टींपासून वाचवलंत, ते मला पुढे पुष्कळ वर्षांनी समजलं.

कारण पाळण्याजवळ उभं राहिलं की बायका माझ्याकडेच बघायच्या. लग्नानंतरची पहिली वर्षं मी तुमच्या घरात कशी काढली ते मलाच माहीत. महिन्याची अडचण आली की घरभर कळायचं. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त भाकरी थापताना हात जोरात पडायचा. नारळ झाले, ओट्या झाल्या, उपास झाले. बाहेर तुमची गंमत व्हायची. "डाक्टर, साऱ्या तालुक्याच्या गाई भरल्या, घरचं काय?" तुम्ही म्हणायचे, "घरचं बिनसरकारी काम हाये, त्याले उशीर लागते." आणि घरी येऊन माझ्या ताटातली चटणी खायच्या निमित्तानं शेजारी बसायचे, मला जेवण गेलं की नाही ते पाहायला.

एकदा तुम्ही मला पिंजऱ्यातल्या लांडग्यांची गोष्ट सांगितलीत. शिकत असताना कुठल्याशा प्राणिसंग्रहालयात तुम्ही काही दिवस काम केलं होतं. तिथं एक जोडी होती, दोघंही तरणे, निरोगी. मादी वेळेवर माजावर यायची आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायचे. समोर दिवसभर माणसं उभी. त्याच पिंजऱ्यात दुसरी जोडी ठेवली तर तिला पिल्लं झाली. मी विचारलं, "मंग त्या पहिल्या जोडीचं काय चुकलं?" तुम्ही म्हणालात, "ते नक्की कोणालेच माहीत नाही. काही जनावरांले पोटभर भेटलं तरी बंद जागेत जमत नाही. काहींले जमते." तुमची ही सवय मला तेव्हा फार चिडवायची. दुसरा कोणी असता तर छातीठोक काहीतरी सांगून मोकळा झाला असता.

पण मी त्या गोष्टीतलं मला हवं ते उचललं. म्हटलं, आपणही तसेच आहोत, आपल्यासमोर पण माणसं उभी आहेत. बदली मागा. आणि तुम्ही मागितलीत. जळगाव जामोदला दोन खोल्यांचं घर मिळालं, मागच्या दारातून सातपुडा दिसायचा, मला तिथल्याच शाळेत मास्तरणीची जागा मिळाली. कोणाचे डोळे नाहीत, कोणाची भाकरी जोरात पडत नाही. तुम्ही अंघोळ करताना मोठ्यानं गायचे आणि सूर कधीच लागायचा नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते असं कोणी विचारलं तर मी ते सांगेन. पिंजरा उघडला होता. झालं काहीच नाही.

मग ती दुपार. मधली सुट्टी होती आणि तुम्ही शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिलात, कामाच्याच कपड्यात, गुडघ्याला शेण लागलेलं. मला वाटलं, घरून कोणाच्या जाण्याची बातमी आली. तुम्ही म्हणालात, "मंदे, मी माह्यं स्वतःचं तपासलं. दवाखान्यातच, काचेवर. काहीच नाही त्यात. एक बी जीव हालून नाही राह्यला." मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दवाखान्यातलं यंत्र जुनं आहे तुमच्या." तुम्ही म्हणालात, "सकाळी त्याच यंत्रात वळूचं पाह्यलं. त्यात मस्त होतं." तेवढ्यात घंटा झाली. मी वर्गात गेले आणि पोरांकडून पाढे म्हणून घेतले, आणि तुम्ही फाटकाशी तसेच उभे होता, शाळा सुटेपर्यंत. घरी जाताना तुम्ही माझी पिशवी घेतलीत. तसं तुम्ही कधी करत नव्हता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पुढं तेच सांगितलं, फक्त गार खोलीत बसून. आणि एक वाट सांगितली, की दुसऱ्या कोणाचं बीज घेऊन मूल होऊ शकतं. परतीच्या एसटीत तुम्ही मला समजावत होता, शेजारची बाई ऐकेल म्हणून अगदी कानाशी. "मी रोज हेच काम करतो ना. मालकानं जो वळू कधी डोळ्यानं पाह्यला नाही, त्याचं बीज गाईले भरवतो. वासरू झालं का मालक म्हणते, माह्या गाईचं वासरू. कोणाले काही वाटत नाही. मले बी वाटणार नाही. तू फक्त हो म्हण." मी म्हटलं, "मी गाय नाही." तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात, ते घर येईपर्यंत. नंतर तुम्ही तो विषय दोनदा काढलात आणि दोन्ही वेळा मी उठून गेले.

आता सांगते, तेव्हा का नाही म्हटलं. तुम्हाला वाटलं मला लाज वाटली, किंवा लोक काय म्हणतील याची भीती. तसं नव्हतं. मला मूल हवं होतं त्याहून जास्त तुमचं मूल हवं होतं. तुमच्यासारखे बाहेर आलेले कान असलेलं, चालताना पाय घासणारं, कशालाही 'नक्की माहीत नाही' म्हणणारं. दुसऱ्या कानांच्या पोराला मी वाढवलं असतं, जीव लावला असता, पण त्याच्याकडे बघताना रोज ते कान शोधले असते. एवढं साधं होतं. हे तुम्हाला एसटीत सांगता आलं असतं, घरी सांगता आलं असतं. मी म्हटलं ते, मी गाय नाही. आणि तुमच्या रोजच्या कामाला ते लागलं असणार, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दत्तक घेण्याचंही आपण बोललो होतो. तेव्हा सासूबाईंनी अंथरूण धरलं, मग बदल्या झाल्या, मग वय झालं. काही गोष्टी कोणी नको म्हणत नाही, त्या राहून जातात.

खरं भांडण आपलं वेगळंच होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्हाला घरी सांगायचं होतं. आईला, दादांना, सगळ्यांना, की दोष मंदाचा नाही, माझ्यात आहे. मी म्हणत होते, सांगायचं नाही. "तुह्यावर बोल येऊन राह्यला ना," तुम्ही म्हणायचे. "येऊ द्या. मास्तरीण आहे मी, गावाचा बोल खायची सवय आहे मले." तुम्ही म्हणायचे, "अन् माह्याच्यानं ऐकल्या जात नाही त्याचं काय?" माझं म्हणणं एकच. माझ्यावर लोक कीव करतील, तुमच्यावर हसतील. पारावर उभं राहून तुम्ही वळूबद्दल बोलाल आणि मागून कोणीतरी एक वाक्य टाकेल, की झालं. तुमच्या तोंडून निघालेल्या शहाणपणाची गावाला गरज होती आणि मला तुमच्या त्या उभं राहण्याची. म्हणून मी तुमच्याकडून वचन घेतलं. तुम्ही ते पाळलंत, पण मनापासून पाळलं नाहीत. मला 'वांझ' म्हणणाऱ्या त्या चुलत सासूच्या म्हशीच्या बाळंतपणाला तुम्ही गेलात, पारडू सुखरूप काढलंत, आणि तिथं चहा न घेता निघून आलात. तिला अजून कळलेलं नाही की डॉक्टर चहा का प्याले नाहीत.

जळगावचीच एक संध्याकाळ आहे. मागच्या पायरीवर आपण शेंगा फोडत बसलो होतो. डोंगरातून कोणीतरी अस्वल पाहून आलं होतं, त्यावरून निघालं. तुम्ही म्हणालात, अस्वलांमध्ये गर्भ धरला तरी लगेच वाढत नाही. तो तसाच थांबून राहतो. मादीच्या अंगावर पुरेसं मांस आलं, पिल्लासाठी बरे दिवस आले, की मग रुजतो आणि वाढायला लागतो. मी शेंग हातातच धरून विचारलं, "बाईच्या पोटात नसते ना तसं?" तुम्ही म्हणालात, "नसते." आणि जरा थांबून, "आपल्या सातपुड्यातल्या अस्वलात बी किती होते ते मले नक्की माहीत नाही." एवढ्या एका वेळी तुम्ही खोटं बोलायला हवं होतं. तरी, काचेवर काही नव्हतं हे माहीत असूनही, मी ते पुढं कित्येक वर्षं धरून ठेवलं. वर्गात पोरं लिहीत असायची आणि मी खिडकीशी उभी राहून मनात म्हणायची, थांबलं असेल. बरे दिवस यायचे असतील. पाळी जायचं वय झालं तेव्हा मला खूप रडू आलं होतं, आणि तुम्ही विचारलंत तर मी डोकं दुखतं म्हटलं. तुम्ही बाम चोळून दिलात. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे विचारायचं राहिलं.

आता त्या सांडाकडे येते.

तुम्ही गावी परत बदलून आलात तेव्हा युसूफभाई त्यांची चांदणी बाजारात काढायला निघाले होते. दुधाचा धंदा त्यांचा, भाकड गाय ठेवून परवडणार कसं. गाय अंगापिंडानं चांगली, पण माज दाखवायची नाही. ओरडत नाही, अस्वस्थ होत नाही, चारा सोडत नाही. तुम्ही म्हणालात, हिचा मुका माज आहे. येतो आणि जातो, माणसाला कळत नाही, फक्त वळूला कळतो. मग तुम्ही ज्याच्याविरुद्ध पारावर बोलत होता त्याच महादेवाच्या सांडाला रोज सकाळी दोरानं धरून तिच्यापासून हातभर लांब उभं करायला लावलंत. कितीतरी दिवस तो आपला रवंथ करत उभा. एक दिवस मान वर करून, ओठ उलटा करून हुंगायला लागला. तुम्ही म्हणालात, "हा बोलला." सांडाला मागे ओढलं, तुम्ही तुमच्या थंड डब्यातून नळी काढली, चांदणी भरवली, आणि ती फळली. युसूफभाईंनी पहिला चीक आपल्या घरी पाठवला होता. तुम्ही दोन वाट्या खरवस खाल्लात आणि पोट दुखलं म्हणून मला बोल लावलात.

त्यावरून तुम्हाला ती कल्पना सुचली. गावात असा एक सांड असावा, ज्याची नसबंदी केलेली आहे. खच्ची नव्हे. खच्ची केला की तो बैल झाला, त्याला काही कळत नाही. नसबंदीत त्याचं सांडपण सगळं राहतं, गाईचा माज तो बरोबर ओळखतो, फक्त बीज जात नाही. रोग पसरू नये म्हणून पोटाखाली एक पट्टा बांधायचा. तो फिरेल, हुंगेल, सांगेल. पुढचं काम डॉक्टरचं. पारावर तुम्ही हे सगळं हातवारे करून सांगितलंत. दादा संतापले. "देवाच्या सांडाले कापतं तू? अन् बीजच नाही तं मंग तो कायचा सांड?"

सगळी माणसं हसली. तुम्ही एरवी अशा वेळी लगेच उत्तर द्यायचे. त्या दिवशी तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. मी बायकांमध्ये मागे उभी होते. त्या अख्ख्या पारावर तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ कळणारी मी एकटी होते आणि मला पुढे येऊन तुमचा हात धरता आला नाही. घरी येऊन तुम्ही म्हणालात, "कढी चांगली झाली." ती कल्पना तुम्ही पुन्हा काढली नाहीत.

म्हणून दहाव्याच्या दिवशी हसून झालं, रडून झालं, आणि मग मीही भिंतीकडे बघूनच म्हटलं, "दादांले सांगा, सोडा सांड. पण मी म्हणीन तसा सोडायचा."

प्रज्ञाला फोन केला. धामणगाव बढ्याला तुमच्या हाताखाली जिनं पहिली नोकरी केली आणि जिला तुम्ही पहिल्याच दिवशी अडलेल्या गाईपाशी ढकललं होतं, तीच आता आपल्या भागाची डॉक्टर आहे. ती आली, आधी तुमच्या फोटोसमोर बसून माझ्याहून जास्त रडली, मग दादांच्या कोठ्यात जाऊन तिनं गोऱ्ह्याचं रक्त तपासायला घेतलं आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. नसबंदी, पट्टा, आणि देवाच्या सांडाला देतात तसा तापल्या लोखंडाचा डाग न देता कानात पिवळा बिल्ला.

दादा तिथून थेट आपल्या अंगणात आले. जाऊबाई मागे धावत. मी ज्वारी निवडत होते. त्यांनी भिंत शोधली, पण अंगणात भिंत कुठली, म्हणून तुळशीकडे बघून बोलले. "सांगा तिले, हे चालणार नाही म्हणा. लोक हासतीन. लंगोट घातलेला सांड? त्याच्या नावानं बिनबियाचा सांड सोडू मी? मंग तो कायचा सांड?"

तेच वाक्य. त्यांना आठवतही नसेल.

मी सूप खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर होता तसाच राहू दिला आणि तुळशीला नव्हे, त्यांनाच म्हटलं, "दादा, त्यांच्यासारखाच आहे तो. म्हणून त्यांच्या नावाचा."

त्यांना पटकन कळलं नाही. मग कळलं. मी पुढं सांगितलं, की ह्यांनी स्वतः तपासलं होतं, अकोल्याला पक्कं झालं होतं, घरी सांगायचं म्हणून ते आयुष्यभर मागं लागले होते, मीच सांगू दिलं नाही. "आता सांगितलं, कारण तो सांड उगीच वासरं काढत फिरला तर त्यांचं काहीच आपण ऐकलं नाही असं होईल." जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. दादा ओट्याच्या कडेला बसले. बराच वेळ हातातल्या टोपीची घडी घालत, उलगडत राहिले. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचे डोळे दिसले. तुमच्यासारखेच आहेत हो, जरा घारे.

"मंदा," ते म्हणाले, "एवढे दिवस तू बोल खाऊन राह्यली, अन् आम्ही देऊन राह्यलो?"

मी म्हटलं, "पाणी आणू का?"

पाणी पिऊन ते उठले. म्हणाले, "पारावर मी त्याले तसं बोललो होतो. बोललो होतो ना?" म्हणजे आठवत होतं. "मले काय माहीत." मग पायात चपला घालता घालता, "तो पट्टा कोण शिवते मंग?"

त्यांनी स्वतःच शिवला. जुन्या ताडपत्रीचे दोन पदर, कडेला सुतळी, दाभण घेऊन इथंच आपल्या ओट्यावर बसले. भुईमुगाची पोती शिवणारे ते हात, टाका जाड पडत होता. मध्येच थांबून म्हणायचे, "लहानपणी त्याची चड्डी बी मीच शिवली होती, माय वावरात जाये म्हणून." आणि पुन्हा शिवायचे. तुम्ही हे बघायला पाहिजे होतं. मला या सव्वा महिन्यात सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर याचं, की ती दुपार मी एकटीनं पाहिली.

प्रज्ञानं शस्त्रक्रिया केली. जखम भरायला, आणि अंगात राहिलेलं बीज निघून जायला वेळ द्यावा लागतो म्हणाली, तोवर तो दादांच्या कोठ्यात ढेप खाऊन माजला. सव्वा महिन्याला त्याला हळद लावली, गळ्यात माळ घातली, कानात बिल्ला, पोटाखाली तो पट्टा. लोक हसलेच. हसणारच होते. युसूफभाई फाटकाशी उभे होते, ते म्हणाले, "क्या भाभी, डाक्टरसाब तो अब्बी ड्यूटीपेच है." मग मीही हसले, आणि मग दादाही. गाव हसलं तर काय होईल या भीतीनं मी जन्मभर तुमचं तोंड धरलं, आणि गाव हसलं ते असं, तुमच्या नावावर माया करत. तुमचं ऐकायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण भांडण तुम्ही जिंकलात, एवढं कबूल करते.

गावानं त्याचं नाव 'डाक्टर' ठेवलंय. परवा युसूफभाईंच्या कालवडीपाशी तो सकाळपासून हटेना, ओठ उलटा करून उभा. त्यांनी प्रज्ञाला फोन लावला. फोनवर म्हणाले, डाक्टर बोलले, आता तुम्ही या.

आणि रोज सकाळी तो आपल्या दारात येतो. दिवसभर गाव हिंडतो, संध्याकाळी दादांच्या कोठ्यात जातो, पण पहिला थांबा आपल्याकडे. तुमची खुर्ची असायची तिथं उभा राहतो, पाय घासतो, आणि कान असे माझ्याकडे करतो की मला आत बसवत नाही. त्याला वावरं मोकळी आहेत, सातपुड्यापर्यंत गेला तरी कोणी अडवणार नाही. तो जाणार नाही. तुम्हीच सांगितलं होतं, हा सुटा नाही, भाकरीनं बांधलेला आहे.

म्हणून मी रोज दोन भाकरी टाकते.